कोल्हापुरातून घरबसल्या उड्डाण: आधी पेडल, मग ग्राफिक्स कार्ड

उजळाईवाडी_०७

फ्लाइट सिम्युलेटर सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ? कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची बरीच मुलं मला हेच विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे मोजके असतील तर ते हातापायांच्या साधनांवर घाला, म्हणजे जॉयस्टिक आणि रडर पेडलवर (रडर म्हणजे शेपटीवरचं उभं सुकाणू, ते पायानं वळवायचं). चित्र देखणं दिसायचं नंतर बघता येईल. आणि सुरुवात दुबई-न्यूयॉर्कवरून करू नका, उजळाईवाडीवरून, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावरून करा.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. विमानतळ शेजारीच, त्यामुळे एटीआर (पंख्यांचं प्रवासी विमान) उतरायला आलं की आवाजावरूनच कळतं. वैमानिक व्हायचं वय आणि ऐपत दोन्ही माझ्याकडे नाही, पण विमान हवेत कसं राहतं, वारा त्याला कुठं ढकलतो, उतरताना वैमानिकाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे समजून घ्यायची ओढ शाळेपासूनची आहे. ती ओढ सिम्युलेटरनं भागवली.

पेडल आधी का, ते सांगतो. सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान घ्या आणि धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल द्या. विमान डावीकडे ओढ घेतं. पंखा वैमानिकाच्या बाजूनं बघितला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याचा वळसे घेणारा झोत शेपटीवर डावीकडून आदळतो, आणि नाक वर उचललं की पंख्याचं उजवं पातं जास्त खेच देतं. ही ओढ उजव्या पायानं सावरावी लागते. सिम्युलेटरमध्ये ‘ऑटो रडर’ चालू ठेवला, म्हणजे रडर संगणकावर सोपवला, तर हे सगळं पडद्याआड होतं आणि विमान नेमकं काय करतंय ते कधी कळतच नाही. मनगटानं पिळायची जॉयस्टिक कामचलाऊ आहे. पण आडवा वारा असला की एकाच हातानं पंख वाऱ्याकडे झुकवायचे आणि त्याच हातानं नाक उलट दिशेला वळवायचं, हे जमत नाही. त्याला पायच लागतात.

तयार पेडलचे भाव बघून बरेच जण तिथंच थांबतात. पण आपण कोल्हापुरात राहतो! उद्यमनगरात दोन गल्ल्या फिरलात तर लेथ, वेल्डिंग, ड्रिल, स्प्रिंग सगळं मिळतं. माझी पेडल अशी आहेत: खाली एमएस (साध्या पोलादाच्या) चॅनेलची चौकट, मधोमध १५ मिमीचा उभा शाफ्ट, तो ६२०२ च्या दोन बेअरिंगवर फिरतो. शाफ्टवर आडवी पट्टी आणि पट्टीच्या दोन टोकांना पाय ठेवायच्या पाट्या. डावा पाय पुढं दाबला की उजवा आपोआप मागं येतो. मध्यावर परत आणायला दोन बाजूंना ताणाच्या स्प्रिंगा. शाफ्टच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमची टोपी, तिच्यात समोरासमोर दोन निओडायमियम चुंबक, विरुद्ध ध्रुव एकमेकांकडे करून. त्यांच्या मधल्या पोकळीत, कशालाही न टेकता, ४९ई हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा भाग. पेडल मध्यावर असताना सेन्सरचा चपटा चेहरा चुंबकीय क्षेत्राला समांतर ठेवायचा, मग व्होल्टेज अडीचच्या आसपास येतो. पेडल हललं की तो कमीजास्त होतो. अर्डुइनो लिओनार्डो हा छोटा सर्किट बोर्ड तो वाचतो आणि संगणकाला यूएसबीवर जॉयस्टिक म्हणून दिसतो.

सेन्सरमध्ये घासणारा भागच नाही, हा यातला खरा फायदा. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे कार्बनच्या पट्ट्यावर घासत फिरणारा रोध) असतात. त्यांचा कार्बनचा पट्टा झिजला की काटा जागेवर थरथरायला लागतो आणि सरळ उडणारं विमान आपोआप डोलायला लागतं. मग लोक ‘डेड झोन’, म्हणजे मध्याजवळची हालचाल न मोजणारा पट्टा, वाढवत बसतात आणि नेमकी बारीक हालचाल गमावतात. म्हणून जॉयस्टिक घेतानासुद्धा हॉल सेन्सरची आहे का, ते आधी बघा. थ्रस्टमास्टरच्या टी १६०००एम मध्ये तो आहे.

सिम्युलेटर कुठला? फ्लाइटगिअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, शिकायला पुरेसा आहे. एक्स-प्लेन १२ मध्ये पंख आणि पंख्याच्या पात्याचे छोटे तुकडे करून प्रत्येकावर हवेचा जोर किती, याचा हिशेब सतत चालतो. त्यामुळे वेग पडत चाललेलं विमान त्यात मला अधिक प्रामाणिक वाटतं. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला नवा, हे दोन्ही जमीन आणि ढग दाखवण्यात फार पुढं आहेत. उपग्रहाच्या छायाचित्रांवर उभी केलेली जमीन असल्यामुळे रंकाळा ओळखू येतो, पंचगंगेची वळणं ओळखू येतात, उसाचे पट्टे दिसतात. घरं मात्र संगणकानं अंदाजानं उभी केलेली, आणि अंबाबाईच्या देवळाची शिखरं माझ्या पडद्यावर तरी नाहीत. मला जमीन ओळखीची हवी असते म्हणून मी बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टवर असतो आणि नवीन विमानाचा स्वभाव समजून घ्यायला एक्स-प्लेनवर जातो.

संगणकाबद्दल थोडक्यात: ३२ जीबी रॅम, एसएसडी आणि बऱ्यापैकी प्रोसेसर. या सिम्युलेटरांत बऱ्याचदा प्रोसेसरच अडतो आणि कार्ड रिकामं बसून राहतं. सेकंदाला स्थिर ३० फ्रेम मिळत असतील तर निवांत उडा. वळवाच्या दिवसांत वीज जाते, त्यामुळे छोटा यूपीएस घ्याच.

आता ज्यासाठी हे सगळं, ते. एप्रिलमधली दुपार, बाहेर ३८ अंश. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. प्रमाण हवामानात या उंचीवर ११ अंश धरतात, म्हणजे आपण २७ अंशांनी वर. दर अंशाला साधारण १२० फूट धरले की ३,२४० फूट वाढले. धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या घनतेच्या हिशेबानं ५,२०० फुटांवर उभं आहे. इंजिनाला हवा कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. हे सिम्युलेटरमध्ये तापमान बदलून स्वतः करून बघा: जानेवारीच्या पहाटे झटकन उचलणारी तीच सेसना, चार माणसांच्या वजनासह, मे महिन्यात किती पळते आणि उचलल्यावर किती आळसानं चढते. पुस्तकातला आलेख वाचून मला हे जेवढं कळलं नव्हतं तेवढं एका टेकऑफनं कळलं.

दुसरा धडा: कोल्हापूर ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ), नकाशा आणि घड्याळावर, जीपीएस बंद ठेवून. सरळ रेषेत सुमारे ६० सागरी मैल, दिशा साधारण २२८ अंश. समोरासमोरची विमानं वेगळ्या उंचीवर राहावीत म्हणून पश्चिमेकडच्या दिशेला सम हजार अधिक ५०० फूट हा नियम, म्हणून ६,५०० फूट. सह्याद्रीचा कडाही त्यात आरामात खाली राहतो. वारा २७० अंशांवरून २० नॉट (ताशी सागरी मैल) आणि विमानाचा हवेतला वेग १०५ नॉट धरा. वारा उजव्या अंगानं येतो, म्हणून नाक ७ अंश उजवीकडे, म्हणजे २३५ वर. जमिनीवरचा वेग ८९ नॉट उरतो आणि एकूण वेळ ४० मिनिटं. हिशेब बरोबर असेल तर पंधराव्या मिनिटाच्या पुढंमागं राधानगरीचा जलाशय समोर आला पाहिजे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, सात स्वयंचलित दरवाज्यांचं, ते ठरल्या वेळी खिडकीखाली येतं तेव्हा कागदावर काढलेल्या वारा-वेगाच्या त्रिकोणाचं चीज होतं. पुढं दाजीपूरचं जंगल, मग जमीन एकदम खाली कोसळते आणि कोकण सुरू. ही वाट आपण गाडीनं केलेली असते. म्हणूनच म्हणतो, ओळखीच्या मुलखात उडा, हिशेब चुकला तर लगेच कळतं.

प्रश्न असतील तर विचारा.

टर्नर

नाद खुळा भावा! उद्यमनगरचं नाव घेतलंस, बरं वाटलं. माझं लेथचं काम आहे म्हणून एक सांगतो. पाटीवर पाय ठेवला की शाफ्टवर खालच्या दिशेनं वजन येतंय. ६२०२ तसला जोर बेताचाच घेते, ती मुळात आडव्या लोडची बेअरिंग. खालच्या बाजूला ३०२०२ टेपर रोलर टाक, भोक तेच १५ चं आहे, बाहेरचा व्यासही ३५ चाच, म्हणजे हाउसिंगला फार हात लावावा लागणार नाही. शाफ्टला ब्राइट बार (आधीच गुळगुळीत केलेली सळई) वापर, काळ्या बारवर टर्निंगचा खर्च फुकट वाढतो. आणि स्प्रिंगच्या एका टोकाला आटे पाडलेला हुक लाव, म्हणजे नटानं ताण कमीजास्त करता येतो. ज्याला करून घ्यायचं हाय त्यानं कागदावर मापं काढून आणावी. मोबाइलवरचा फोटो दाखवून “असलंच करा” म्हणणारी लई येतात, त्यात दोघांचाबी वेळ जातो.

उजळाईवाडी_०७

टेपर रोलरचं एकदम पटलं. पुढच्या जोडीला तेच घालतो. आटेवाल्या हुकाचं तर आजच करतो, कारण सेसनाला हलका पाय लागतो आणि एटीआरला ताण जास्त असलेला बरा वाटतो.

जुना_राजारामीयन

लेख वाचून फार मागे गेलो. आमच्या वेळी मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर सुरू केला की विमान शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभं असायचं. तळ्याच्या काठावरची ती एकच धावपट्टी, डाव्या हाताला उंच इमारती. मी शिकागोला कधीच गेलो नाही, पण तो किनारा मला आपल्या ताराराणी चौकाइतका पाठ आहे. मार्च २००३ मध्ये तिथल्या महापौरांनी रातोरात बुलडोझर लावून धावपट्टी उखडली, ती बातमी वाचली तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाईट वाटलं होतं. अजूनही जुन्या आवृत्तीत ती आहे तशी आहे, आणि मी अधूनमधून तिथे उतरतो.

तुमचा उजळाईवाडीचा आग्रह मला मान्य आहे. राजाराम महाराजांच्या काळातला हा विमानतळ. मध्ये कितीतरी वर्षं तिथे नियमित विमानच नव्हतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतून सेवा परत सुरू झाली, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलं. नव्या पिढीनं आपल्या धावपट्टीवरून सुरुवात करावी हे योग्यच.

शिकाऊ_वैमानिक

माझं सध्या उड्डाण प्रशिक्षण चालू आहे आणि त्याआधी बरीच वर्षं घरी सिम्युलेटर होता, म्हणून दोन्ही बाजू लिहितो.

व्यावसायिक परवान्यासाठी उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यात घरच्या सिम्युलेटरचा एक मिनिटही धरत नाहीत. हे पालकांनी आणि मुलांनी पक्कं लक्षात ठेवावं. मला सर्वात जास्त त्रास झाला तो नजरेचा. पडद्यावर बाहेरचं जग चौकटीएवढं, त्यामुळे डोळे सतत काट्यांवर राहायची सवय लागलेली. प्रशिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात उपकरणांवर कागद झाकून ठेवला आणि म्हणाले, क्षितिज बघ, नाक कुठे आहे ते बघ. सिम्युलेटरवाल्यांनी हे घरी आधीच करावं. काटे झाकून वेग आणि उंची नजरेनं, आवाजानं ओळखायचा सराव करावा. ओपनट्रॅक नावाचं मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर डोक्याची हालचाल टिपतं, त्यामुळे मान वळवून बाहेर बघायची सवय राहते.

दुसरं म्हणजे ट्रिम, म्हणजे काठी सतत दाबून धरावी लागू नये म्हणून असलेली जुळवणी. खऱ्या विमानात ट्रिमनं हातावरचा जोर नाहीसा होतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकमध्ये तसं होत नाही, मुलं ट्रिमनंच विमान वरखाली करायला लागतात. आधी काठीनं नाक जागेवर धरा, मग ट्रिम करा, मग हात सैल सोडा. हा क्रम मोडू नका.

फायदा सर्वात जास्त झाला तो रेडिओवर. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. व्हॅटसिम या सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन जाळ्यावर जगभरचे लोक स्वतःच्या वेळात नियंत्रकाचं काम करतात, तिथे बोलायला लागलो तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता. पण रेडिओवरची भाषा ठरलेली असते: तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय. मिळालेली सूचना कागदावर टिपायची आणि तशीच परत म्हणून दाखवायची. महिनाभर नुसतं ऐका, मग बोला. खऱ्या टॉवरशी पहिल्यांदा बोललो तेव्हा माझ्या बॅचमधल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा माझा आवाज स्थिर होता, आणि याचं पूर्ण श्रेय मी व्हॅटसिमवर घालवलेल्या रात्रींना देतो.

करवीरकन्या

धागा वाचतेय, चांगली माहिती. माझा प्रश्न घरचा आहे. मुलगा दहावीत आहे आणि त्याला याचं वेड लागलंय. तासन्‌तास बसतो. घरात रोज वाद होतात, सासूबाई म्हणतात गेमच आहे तो. मी त्याला थांबवू की बसू देऊ? खरंच सांगा.

उजळाईवाडी_०७

ताई, बसू द्या, पण वेळ बांधून. मी स्वतः एक पद्धत पाळतो. उड्डाणाआधी कागदावर योजना लिहायची: कुठून कुठं, वारा किती, इंधन किती, वेळ किती. उतरल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहायचं. ज्या दिवशी कागद लिहायला वेळ नाही त्या दिवशी उडायचं नाही. माझी दुसरी पाळी असते तेव्हा सकाळी घरची कामं, वडिलांचा दवाखाना वगैरे उरकून तासभर मिळतो, तेवढाच. खोली दहा बाय दहाची आहे, पेडल कॉटखाली सरकवली की तिथंच अंथरुण पडतं. त्यामुळे घरच्यांना अडचण होत नाही, आणि माझ्या मते छंद टिकायला याचीच मदत सर्वात जास्त होते.

मुलाला एक काम द्या. हवामान अहवालात ‘२७०१५केटी’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे २७० अंशांवरून १५ नॉट वारा. आपली धावपट्टी ०७/२५, म्हणजे एका टोकानं ७० अंशांच्या आणि दुसऱ्या टोकानं २५० अंशांच्या दिशेला. कुठल्या टोकानं उतरायचं आणि आडवा वारा किती, हे त्याला काढायला सांगा. ०७ ला हा वारा पाठीमागून येतो, म्हणून २५. फरक २० अंशांचा, साइन २० म्हणजे ०.३४, आडवा वारा ५ नॉट. दहावीचं त्रिकोणमितीचं प्रकरण त्याच्या पुस्तकात आहेच. हे त्यानं मनापासून सोडवलं तर सासूबाईंना दाखवा. नुसतं विमान आपटायला बसत असेल तर परीक्षेपर्यंत बंद ठेवलेलं बरं, हेही स्पष्ट सांगतो.

पायपेटी

विमानांतलं मला काही कळत नाही, मी हार्मोनियम आणि ऑर्गनची दुरुस्ती करतो. पण एक गोष्ट ठाऊक आहे ती लिहावीशी वाटली. पहिला यशस्वी सिम्युलेटर १९२९ मध्ये एडविन लिंक या अमेरिकन माणसानं बनवला. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. त्यानं ऑर्गनचेच भाते आणि झडपा वापरून छोट्या विमानाची पेटी हलती केली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपालवाहतूक आली, खराब हवेत वैमानिक मेले, तेव्हा लष्करानं या पेट्या घेतल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यांच्यावर शिकले. भात्यातली हवा किती सोडली की पेटी किती कलते, हे ज्यानं कधी भाता शिवलाय त्याला लगेच समजेल. चामडं सुकलं, शिवणीत बारीक गळती झाली की स्वर दबतो. त्या पेटीचा कल तसाच चुकत असणार. आपल्या संगीत नाटकांच्या गावात हे सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

उजळाईवाडी_०७

फार सुंदर माहिती दिलीत. लिंक ट्रेनरचं नाव वाचलं होतं, पण भात्याच्या अंगानं कधी विचार केला नव्हता. एकदा तुमच्याकडे ऑर्गनचा भाता उघडलेला बघायला यायला आवडेल, चालत असेल तर कळवा.

घाटमाथा

मी गगनबावड्याकडचा. इकडे इंटरनेट अगदी जेमतेम, पावसाळ्यात तर तेही नाही. मायक्रोसॉफ्टचा घेऊन उपयोग होईल का? दुसरा प्रश्न, लिओनार्डो बोर्ड सेन्सरचा व्होल्टेज फक्त १,०२४ पायऱ्यांत मोजतो असं वाचलं. पेडलला पुरतात का?

उजळाईवाडी_०७

मायक्रोसॉफ्टचा नका घेऊ. तो जमीन उडतानाच इंटरनेटवरून खेचतो, २०२४ चा तर त्याहून जास्त. तुम्हाला एक्स-प्लेन १२ किंवा फ्लाइटगिअर योग्य, जमीन आधी उतरवून डिस्कवर साठवता येते. एक्स-प्लेनचा डेमो मोफत मिळतो. गावात कुणाकडे बरं नेट असेल तिथून उतरवून आणा आणि तुमच्या संगणकावर चालतो का ते बघून मग पैसे द्या.

पायऱ्यांचं म्हणाल तर पुरतात, पण एका अटीवर. पेडल दोन्ही बाजूंना २० अंशच फिरतं, त्यामुळे सेन्सरला चुंबकाच्या पूर्ण ताकदीचा तिसराच हिस्सा जाणवतो. चुंबक लांब बसवले तर त्या १,०२४ मधल्या थोड्याच पायऱ्या वापरल्या जातात आणि पाय दाबला की नाक टप्प्याटप्प्यानं सरकतं. चुंबक जवळ आणा, पेडल शेवटपर्यंत दाबून बोर्डवरचा आकडा बघा. एका बाजूला २०० च्या आसपास आणि दुसऱ्या बाजूला ८०० च्या आसपास आला की बस्स. पेडल टोकाला पोचायच्या आधीच आकडा एका जागी चिकटला तर चुंबक फार जवळ आले, थोडे मागं घ्या.

चौकटीची आणि शाफ्टची मापं कागदावर काढून इथंच टाकतो, टर्नरदादांनी सुचवलेल्या टेपर रोलरसकट. सोमवारी माझी सुट्टी असते, कुणाला पेडल पायाखाली घेऊन बघायची असतील तर व्यक्तिगत निरोप करा. पाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी पाट्या पुढंमागं सरकतील अशी खाच ठेवावी का, यावर दादा तुमचं मत हवंय.

टर्नर

खाच नको, ती ढिली पडते. पट्टीवर २५-२५ मिमीवर भोकं पाड आणि पिन टाक. ड्रॉइंग टाकलंस की सांगतो कुठलं ड्रिल लागंल ते.